उशिराचा ठोका

४ जानेवारी

वहिनी,

पत्राच्या डोक्यावर साष्टांग नमस्कार घातला असता तर तू म्हणाली असतीस, याला काहीतरी हवंय. हवंच आहे, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

रेकॉर्ड होत आली. सगळे अल्बम म्हणतात, पण दादा आणि मी लहानपणापासून 'आपली रेकॉर्ड' म्हणत आलो, तेव्हा मी तेच म्हणणार. गाणारं कोणी नाही, शब्द नाहीत, नुसती वाद्यं. फोनवर तू विचारलं होतंस की हे नक्की काय आहे, आणि मी 'हं, आहे असंच' म्हणालो होतो. घुम्या हे नाव मला काही उगाच पडलेलं नाही. लिहायला बसलो की मात्र तोंड सुटतं.

तर असं बघ. जॅझ म्हणजे चार जण गप्पा मारत बसलेत. एकजण बोलतो, दुसरा त्याचं वाक्य उचलतो, तिसरा मध्येच विषय बदलतो, कोणाला घाई नाही. आणि प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणजे तेच चार जण बाह्या सरसावून भांडायला उठलेत. कानठळ्या बसतात, पण हिशोब काटेकोर: आता सात मोजायचे, मग पाच, मग परत सात, जो चुकला तो मेला. मला या दोन्ही गोष्टी एकाच खोलीत हव्यात. पियानोवाली गप्पा मारते, आठ तारांची गिटार घेऊन गिटारवाला भांडतो, आणि मी माझी सहा तारांची बास, म्हणजे खर्जातली गिटार, घेऊन दोघांच्या मध्ये उभा असतो. कुणाचीही बाजू घ्यायची नाही आणि घरही पडू द्यायचं नाही, एवढंच बासवाल्याचं काम.

शेवटचा एक ट्रॅक राहिलाय. बाकीच्यांवर इथल्या एका ड्रमवाल्याने वाजवलंय, पण हा मी दादासाठी ठेवलाय. लिफ्टदुरुस्तीच्या नोकरीला लागला त्या दिवशी त्याने ड्रमवर चादर टाकली आणि मला म्हणाला होता, "रेकॉर्ड निघेल तेव्हा ड्रम माझे." मी ते सोडणार नाही.

तू तेव्हा आमच्या घरात यायची होतीस, म्हणून सांगतो. मागच्या खोलीत आम्ही वाजवायचो तेव्हा मी पुढे तोंड करून उभा, तो माझ्या मागे. बाकीचे ड्रमवाले स्टिकवर स्टिक मारून मोजणी देतात, सगळ्यांना ऐकू जाते. दादा माझ्या पाठीवर स्टिकने चार ठोके मारायचा. आमची मोजणी आमच्या दोघांतच राहायची. अजूनही स्टेजवर उभा राहिलो की वाजवायला लागण्याआधी माझी पाठ त्या चार ठोक्यांची वाट बघते.

सोबत पेनड्राइव्हवर माझी बास पाठवतोय. त्याने त्यावर ड्रम वाजवून पाठवायचे, एवढंच. आणि त्याचा फोन सारखा बंद का असतो ते विचार.

घुम्या

१९ जानेवारी

भावोजी घुमे,

पत्र मिळालं. लगेच नाही मिळालं. पाकीट दोनदा दारापर्यंत येऊन परत गेलं, शेवटी मीच कुरियरच्या ऑफिसात जाऊन सोडवून आणलं. घरात माणूस असून दार उघडत नाही म्हणून तिथल्या बाईने मला चार शब्द सुनावले, ते वेगळे.

इथे सगळं ठीक. एका शाळेच्या सभागृहाचे पडदे शिवायला घेतलेत. एवढं जाड कापड आहे की मशीनसुद्धा कण्हते. बाहेरच्या खोलीत माझ्या कटाईच्या टेबलाशिवाय दुसरं काही मावत नाही, आणि टेबलाच्या चारी बाजूंनी निळं कापड लोंबतंय. तुझ्या भावाची खुर्ची खिडकीशी सरकवली आहे.

त्याला वेळ नाही रे. लिफ्टचं काम तुला ठाऊकच आहे. या शहरातल्या सगळ्या लिफ्टांनी ठरवून एकदम बंद पडायचं मनावर घेतलंय. फोन बिघडलाय, दुरुस्तीला टाकायचाय, टाकू. तू दुसरा कोणीतरी बघ. तिकडे काय ड्रमवाल्यांचा दुष्काळ पडलाय?

परवा दुपारी तुझं ते लावलं होतं. मला त्यातलं काही कळत नाही हे तू जाणतोसच. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. उजवा हात तेवढा खुर्चीच्या दांड्यावर चालला होता. मग म्हणाला, परत लाव.

आणखी गंमत सांगते. त्याच्या सगळ्या शर्टांची बटणं काढून मी आतून चिकटपट्ट्या लावल्यात. हात फिरवला की शर्ट बंद. आता मागे लागलाय की पॅंटलाही लाव. म्हातारपणी फॅशन सुचते ती अशी.

वहिनी

३० जानेवारी

वहिनी,

'दुसरा कोणीतरी बघ' हे वाक्य तुझं नाही. ते दादाचं आहे. तू फक्त पाटी धरून उभी आहेस.

तरी बघितला. इथला ड्रमवाला शहरात सगळ्यांना हवा असतो. आला, एकदा ऐकलं, एका दमात वाजवून गेला. एक चूक नाही. त्याच्यावर घड्याळ लावून घ्यावं. गिटारवाला खूष, रेकॉर्डिंगवाला खूष. मी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी ते सगळं पुसायला लावलं. आता दोघे माझ्याशी कामापुरतं बोलतात.

मला काय वाटतं सांगू? दादा रुसलाय. मी बास घेऊन इकडे निघून आलो आणि तो लिफ्टच्या खड्ड्यात उतरला, हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही, पण मनात असेलच. दुपारी घरी बसून ऐकायला वेळ आहे, फॅशन करायला वेळ आहे, आणि वाजवायला तेवढा नाही? कुठेतरी पाणी मुरतंय.

त्याला म्हणावं, ड्रमवरची चादर काढायची नसेल तर काढू नकोस. टेबलावर वाजव, पत्र्यावर वाजव, वहिनीच्या डोक्यावर वाजव. मला त्याचे हात हवेत. रेकॉर्डिंगवाला मेअखेर ही खोली सोडून जातोय. तोवर झालं तर झालं, नाहीतर शेवटचा ट्रॅक गाळून बाकीची रेकॉर्ड निघेल. त्याच्याशिवाय तो ट्रॅक मी लावणार नाही. कोणी हट्ट म्हणो, कोणी मूर्खपणा म्हणो. मला तो हवाय. इतकी वर्षं झाली, चांगली चांगली माणसं भेटली वाजवायला, पण मागे दादा नसला की मला उघड्यावर उभं राहिल्यासारखं वाटतं.

घुम्या

२१ फेब्रुवारी

घुम्या,

पाकिटात पेनड्राइव्ह आहे. शेजारच्या मुलीकडून त्यात भरून घेतलं.

माझ्या कटाईच्या टेबलावर वाजवलंय. पडदे सगळे गुंडाळून भिंतीला लावले आणि त्या मुलीचाच फोन मापाच्या पट्टीवर उभा केला. आठवडाभर रोज एकदा बसत होता. त्यातलं हे त्यातल्या त्यात बरं, असं त्याचं म्हणणं. मला विचारशील तर मी दाराबाहेर उभी होते.

एक ऐक. नाही आवडलं तर टाकून दे आणि मला कळव की पाकीट गहाळ झालं. कुरियरवाल्यांच्या नावाने मी हवी तेवढी बोटं मोडीन. पण त्याला वाईट काही लिहू नकोस. चांगलं लिहायचं म्हणून खोटंही लिहू नकोस, त्याला ते लगेच कळतं.

वहिनी

६ मार्च

वहिनी, हे पत्र मोठ्याने वाच. दादाला बसव समोर. बसला? वाच आता.

दादा, लेका, काय केलंस तू हे?

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं फोन घसरला. दुसऱ्यांदा ऐकलं आणि मी रेकॉर्डिंगवाल्याला म्हटलं, बाबा रे, परत लाव. तुझा उजवा हात सरळ चाललाय, सातचा हिशोब चोख, दयामाया नाही. तो मेटलवाला. आणि डावा दर खेपेला मागे पडतोय. तोही एकसारखा नाही. कधी केसभर मागे, कधी चांगला पायरीभर, बोलता बोलता माणूस मध्येच थांबून दम घेतो तसा. तो जॅझवाला. म्हणजे मी दोन वर्षं चार माणसं आणि खोलीभर यंत्रं लावून जे जमवतोय, ते तू एकट्याने दोन हातांत करून पाठवलंस, तेही वहिनीच्या टेबलावर!

पियानोवालीने विचारलं, हा कोण? म्हटलं, माझा भाऊ. कुठे शिकला? म्हटलं, लिफ्टमध्ये. तिला वाटलं मी थट्टा करतोय. ती आता रोज डाव्या हाताने असं मागे राहायचा सराव करते आणि तिला जमत नाही. वेळेवर पडायचं आयुष्यभर शिकलेल्या हाताला उशीर करता येत नाही, म्हणते.

मी बासची ओळ नव्याने लिहिली. आधी तुझा डावा ठोका जिथे पडायला हवा तिथे मी सूर सोडून मोकळा व्हायचो. आता सूर बोटाखाली धरून ठेवतो. तू येईपर्यंत सोडत नाही. कधी येशील ते ठाऊक नसतं, म्हणून दर वेळी जीव टांगणीला लागतो, आणि तू आलास की इतकं बरं वाटतं म्हणून सांगू. गिटारवालासुद्धा आता भांडायचा थांबून ऐकतो.

हे सुचलं कसं तुला? आणि दर थोड्या वेळाने मागे ती 'झिंग' वाजते ती कुठली झांज? नवी घेतलीस का? दुकानांत शोधून थकलो, तसा आवाज कशाचाच नाही. लगेच लिही. वहिनीला सांग लिहायला.

घुम्या

२ एप्रिल

वहिनी,

माझं पत्र पोचलं का? महिना होत आला. मी काही जास्त बोललो का त्यात? दादाला 'लेका' म्हटलेलं आवडलं नाही का? इथे सगळे दादाने पुढे काय सांगितलं ते विचारतात, आणि मी काहीतरी थापा मारतो.

घुम्या

१८ एप्रिल

भावोजी, आधी बसा आणि मग वाचा.

झांज नाही ती. माझी कात्री आहे. टेबलाच्या कडेला खिळ्यावर टांगलेली असते, ठोका जोरात पडला की हलते आणि खिळ्यावर वाजते. इतकी वर्षं ती मला कधी ऐकूही आली नव्हती.

ऑक्टोबरमध्ये एका सकाळी दाढी करताना त्याच्या डाव्या हातातून टॉवेल पडला. उचलायला वाकला तो तिथेच बसला. पक्षाघात. डावा हात गेला, डावा पाय गेला, जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. मी दवाखान्याच्या बाकावर बसून वेळेत म्हणजे काय याचाच विचार करत होते.

तुला कळवायला फोन हातात घेतला होता. त्याने मान हलवली. नंतर जेव्हा बोलता यायला लागलं तेव्हा त्याच्या तोंडून निघालेलं पहिलं सलग वाक्य होतं, "घुम्याला नको सांगू." तू रेकॉर्ड टाकून धावत येशील म्हणून. मी म्हटलं बरं. अळीमिळी गुपचिळी. फोनवर त्याची जीभ ऐकली असतीस तर सगळं उघडं पडलं असतं, म्हणून फोन बिघडला. लिफ्टवाल्यांनी त्याला कधीच घरी बसवलंय. शर्टांची फॅशन म्हणजे काय ते आता कळलं असेल. दारही मी उघडलेलं त्याला चालत नाही, बेल वाजली की तोच उठतो. काठी घेऊन दारापर्यंत पोचतो तोवर कुरियरवाला जिना उतरून गेलेला असतो. मी हातात सुई धरून बसून राहते. उठले तर चिडतो.

आता माझं सांगते. त्याने नको म्हटलं हे खरं, पण मलाही सांगायचं नव्हतं. इथे येणारा जाणारा प्रत्येकजण मला दारातच हळू आवाजात विचारतो, कसं आहे आता? जगात एकच माणूस असा उरला होता की ज्याच्या पत्रात तुझा दादा आजारी नव्हता, नुसता रुसलेला होता. ती पत्रं वाचताना मला तो पूर्वीचा दिसायचा. मला ते सोडवेना.

टेबलावर वाजव असं तू रागात लिहिलंस, ते त्याने मनावर घेतलं. डावा हात उचलायचा, टाकायचा, तो पडेल तेव्हा पडेल. तू ज्याला जॅझ म्हणालास ना, ते हेच. तुझं पत्र मी आधी मशीनपाशी एकटीने वाचलं. हसावं की रडावं कळेना. पडद्याच्या कापडाखाली दडवून ठेवलं. पण घरात पत्र आलंय हे त्याला कळलं होतं, रोज माझ्याकडे बघायचा. शेवटी तू म्हणालास तसं समोर बसवून मोठ्याने वाचलं. 'कधी केसभर मागे, कधी चांगला पायरीभर' इथे आले आणि त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं परत काहीतरी होतंय, पत्र टाकून धावले. तो हसत होता. ऑक्टोबरपासून पहिल्यांदा. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, आणि मग ते पाणी थांबेना.

दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ टेबलावर बसतो. व्यायामाच्या बाई त्याला सहा महिने सांगत होत्या की हात हलवा, ते तुझ्या एका पत्राने झालं. हात सुधारतोय. आणि आता खरं अडलंय ते इथेच. हात वेळेवर पडायला लागलाय. बाई टाळ्या वाजवतात आणि हा कपाळाला हात लावतो, कारण घुम्याला उशिराचा हवाय. उशीर करायचा सराव करतो आणि जमला नाही की माझ्यावर डाफरतो. बरं होणाऱ्या माणसाने बरं होण्यावर चिडावं असं मी कधी पाहिलं नव्हतं.

त्याची ओढाताण बघवेना म्हणून त्याला न विचारता लिहितेय. तू म्हणशील तसं.

वहिनी

२६ एप्रिल

वहिनी,

तीन पत्रं लिहून फाडली.

आधी राग आला. मला परकं केलंत तुम्ही. हात गेला, पाय गेला, आणि मी इथून लिहितोय की दादा रुसलाय. माझ्या त्या पत्रातली दम घेण्याची ओळ आठवली की अंगावर काटा येतो. त्याला खरंच दम घ्यावा लागत होता, आणि मी इथे बसून वाहवा करत होतो. पियानोवालीला मी त्याचं दुखणं गिरवायला बसवलं. ती बिचारी अजून सराव करतेय, तिला सांगायचं धाडस झालेलं नाही.

तो ट्रॅक मी गाळतोय. कसा लावू? माझ्या भावाचा हात चालत नव्हता आणि मी त्याला कला म्हणालो. आंधळं प्रेम म्हणतात ते ऐकलं होतं, बहिरं पण असतं.

मी येतोय. तिकीट काढतो. रेकॉर्ड गेली खड्ड्यात. त्याला सांग, ड्रमबिम काही नको. मला नुसतं त्याच्यासमोर येऊन बसायचंय.

घुम्या

१४ मे

घुम्या,

तुझं पत्र त्याने माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचलं. मी न विचारता तुला कळवलं म्हणून पूर्ण एक दिवस माझ्याशी बोलला नाही. तसाही फार बोलत नाही, पण हे वेगळं न बोलणं होतं, बायकोला कळतं.

मग मला समोर बसवलं आणि म्हणाला, लिही. त्याचं बोलणं तू ऐकलेलं नाहीस, म्हणून सांगते. एकेक शब्द लांबून येतो. इथे भेटायला चांगली माणसं येतात. तो 'पा' म्हणतो, तेवढ्यात कोणीतरी पाण्याचा पेला पुढे करतं. तो वाक्य सुरू करतो, दुसराच कोणी पुरं करतो, आणि तो मान हलवतो, कारण नाही म्हणायला आणखी वेळ लागतो. दुसऱ्यांचं कशाला, मीही तशीच. कळवळ्यानेच करते, पण तशीच.

म्हणून या खेपेला पेन हातात धरून गप्प बसले. तो बोलला ते असं:

"सगळे माझ्या पुढे जातात. घुम्या थांबला. त्याला माहीत नव्हतं, तरी थांबला."

नंतर आणखी दोन गोष्टी सांगितल्या. पहिलंच वाजवलेलं ठेवायचं, आता हात सुधारलाय तो त्याच्या कामाचा आहे, रेकॉर्डच्या कामाचा नाही. आणि रेकॉर्ड पुरी केल्याशिवाय यायचं नाही. आलास तर दार उघडणार नाही. दार तोच उघडतो, तेव्हा धमकी खरी समज.

सोबत पेनड्राइव्ह आहे. त्यात फार काही नाही. काल मला म्हणाला, उभी राहा. मी टेबलासमोर उभी राहिले. म्हणाला, पाठ कर. मला वाटलं फोन धरायचा असेल, तर फोन त्याने माझ्या खांद्यावर ठेवला, मापाच्या टेपने बांधून. मग मागून माझ्या पाठीवर डाव्या हाताने चार ठोके मारले. चौथा यायला वेळ लागला. तीन झाले आणि मी उभी, श्वास धरून, मागे वळून बघायची सोय नाही. आला तेव्हा इतका हलका होता की पाखरू बसल्यासारखा.

ते ठोके माझ्यासाठी नव्हते, तुझ्यासाठी होते, हे मला कळत होतं. तरी सांगते, इतक्या महिन्यांत मीच त्याला उठवते, बसवते, धरते. त्याने आपणहून मला हात लावला तो काल. मी बराच वेळ तशीच उभी राहिले, त्याने विचारलंसुद्धा, काय झालं म्हणून.

खाली त्याला लिहायचंय. उजवा हात धडधाकट आहे, इतके दिवस आळस होता.

वहिनी

घुम्या,
ड्रम माझे.
दादा

३० मे

दादा,

तुला पहिल्यांदाच पत्र लिहितोय. वहिनीला वाचायला देऊ नकोस. हळूहळू तूच वाच.

रेकॉर्ड पुरी झाली. रेकॉर्डिंगवाल्याने आज तारा गुंडाळल्या, खोलीची किल्ली दिली आणि गेला. मी पियानोवालीला आणि गिटारवाल्याला सगळं सांगितलं होतं. मला वाटलं ते म्हणतील, हे काढून टाकू. पियानोवाली उठून पियानोपाशी जाऊन बसली. त्या दिवशी तिने तुझ्यामागे जायचा प्रयत्नच केला नाही. तू येईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसली, आणि तू आलास की वाजवलं. तेच घेतलं.

तुझे चार ठोके सगळ्यात आधी जोडलेत. रेकॉर्डिंगवाल्याने ऐकून विचारलं, तिसऱ्यानंतर एवढी मोकळी जागा आहे, थोडी कापू का? लोकांना वाटेल रेकॉर्ड अडकली. मी म्हटलं, वाटू दे. त्याने वहिनीच्या कात्रीचा आवाजही पुसायला घेतला होता. तोही नको म्हटलं. ट्रॅकचं नाव 'कात्री' ठेवलंय. लोक विचारतील का, तर मी 'हं' म्हणेन.

शेवटचं एकदा ऐकायचं म्हणून सगळे गेल्यावर मी स्पीकरकडे पाठ करून उभा राहिलो, बास गळ्यात अडकवून, मागच्या खोलीत उभा राहायचो तसा. एक, दोन, तीन आले. चौथ्याला मी थांबलो. आला, आणि मग मला वाजवताच येईना, दादा. तसाच उभा राहिलो आणि तुझं संपेपर्यंत ऐकलं.

सोमवारी दुपारी पोचतो. बेल एकदाच वाजवेन. वहिनीला उठू देऊ नकोस. तू ये. काठी घे, भिंत धर, हवा तेवढा वेळ घे. मी कुरियरवाला नाही, मी दाराबाहेर थांबेन.

घुम्या